दाखला येईपर्यंत



शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत एक वाक्य ऐकू येऊ लागतं, "आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू." आईबाबा शाळेत जाऊन सांगतात की मुलाला वाचताना त्रास होतो, फळ्यावरचं लिहून होण्याआधीच ते पुसलं जातं, वर्गात गोंगाट वाढला की तो कान झाकून बसतो. आणि हे उत्तर घेऊन परत येतात. मग रुग्णालय, तपासणी, पुढची तारीख, ऑनलाइन अर्ज, पुन्हा तारीख. त्यात सहामाही होऊन जाते. कधी कधी वर्षच्या वर्ष जातं.

आज मला या रखडपट्टीबद्दल बोलायचं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते सुरुवातीलाच सांगते. वर्गातली मदत सुरू व्हायला दाखल्याची वाट पाहावी लागत नाही. कायद्याला ते अभिप्रेत नाही आणि शिकवणाऱ्याच्या दृष्टीनं तर त्यात काही अर्थच नाही.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, बौद्धिक दिव्यांगत्व हे तर आहेतच, पण स्वमग्नता, म्हणजे ज्याला आपण सर्रास ऑटिझम म्हणतो ती, आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे शाळेच्या भाषेत 'एलडी', याही त्यात आहेत. या कायद्याचं १६वं कलम प्रत्येक पालकानं माहीत करून घ्यावं असं आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा सरकारमान्य असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून द्यायच्या, आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करायचे, असं ते सांगतं. मान्यता असलेली खाजगी शाळाही यातून सुटत नाही.

आता याच्या शेजारी दुसरा नियम ठेवून बघा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र कसं द्यायचं याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारनं जानेवारी २०१८ मध्ये काढल्या. त्यांत म्हटलं आहे की हे प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावरच द्यायचं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासायचं, आणि अठराव्या वर्षी मिळेल ते कायमचं. म्हणजे पहिली-दुसरीतल्या बहुतेक मुलांच्या हातात हा दाखला असूच शकत नाही. आणि शाळेनं अडचण 'शक्य तितक्या लवकर' ओळखून उपाय करावेत, असं कायदा म्हणतो. दोन्ही एकत्र वाचलं की अर्थ स्पष्ट आहे. उपाय आधी सुरू होतात, कागद मागून येतो. दुसरीतल्या मुलाकडे दाखला मागणारी शाळा त्याच्याकडे बहुधा न मिळणारी वस्तू मागत असते.

सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात हे आणखी पुढे नेलं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या प्रमाणात बसत नव्हतं. न्यायालयानं सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठराविक लाभांसाठी आहे. गरजेप्रमाणे सोय मिळण्याचा हक्क त्या आकड्याला बांधलेला नाही. खटला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा होता, पण चौथीच्या वर्गातही तोच न्याय लागतो.

हे सगळं वर्गात कसं दिसतं, ते बघू या. तिसरीतल्या एका मुलाची मराठीची वही डोळ्यांसमोर आणा. 'घर' लिहायला सांगितलं तर 'धर' लिहिलेलं. 'भाकरी'ची 'माकरी' झालेली. वेलांट्या कधी आहेत, कधी नाहीत. काना शब्दापासून इतका लांब पडलेला की तो पुढच्या शब्दाचा वाटावा. जोडाक्षर आलं की शब्द अर्धाच सोडून दिलेला. पानाच्या वरच्या तीन ओळी कष्टानं काढलेल्या, आणि खाली अक्षर मोठं होत होत समासाबाहेर गेलेलं. बाईंचा लाल शेरा, 'अपूर्ण. पालकांनी लक्ष द्यावे.' याच मुलाला तोच धडा वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा. तो गोष्ट सांगेल, गोष्टीतला कावळा असं का वागला तेही सांगेल. वही आणि तोंड यांच्यातलं हे अंतर वर्गातल्या शिक्षकाला कुठल्याही तज्ज्ञाच्या आधी दिसतं.

अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवा. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी त्याला छापील कागद द्या किंवा शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स द्या. दहा गणितांऐवजी चार द्या. चाचणीत पंधरा मिनिटं जास्त द्या, काही प्रश्न तोंडी घ्या. परिसर अभ्यासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. आणि सगळ्या वर्गासमोर त्याला मोठ्यानं वाचायला उभं करू नका. यातल्या कशाला वैद्यकीय मंडळाची सही लागते? कशालाही नाही. खर्चही जवळजवळ नाही. आणि समजा, पुढे तपासणीत निघालं की मुलाला अध्ययन अक्षमता नव्हतीच, नुसता चष्मा हवा होता, तर या सोयींनी त्याचं काय बिघडलं? उलट न दिलेल्या मदतीचं नुकसान भरून येत नाही. दोन वर्षं 'आळशी', 'मठ्ठ' ऐकलेलं मूल नंतर दाखला मिळूनही पुस्तकाला हात लावायला तयार नसतं. ते मन वळवायला पुढे फार वेळ लागतो.

काही ठिकाणी तर उशिराला वयाचीच मर्यादा असते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बाळाचं उदाहरण घ्या. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून अशा मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं ते पाचव्या वर्षापर्यंत. भाषा शिकण्याचं मेंदूचं वयही तेच. म्हणून 'आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात', 'याचे काकाही चौथ्या वर्षी बोलायला लागले' असं घरातलं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण कानाची तपासणी त्याच आठवड्यात करा. रखडपट्टीचा पहिला भाग बरेचदा घरातच असतो. यात आईवडिलांना बोल लावायचा हेतू नाही. मुलात काही कमी आहे हे मान्य करायला धीर लागतो, आणि शेजारपाजार, नातेवाईक तो धीर सहसा देत नाहीत. आजी-आजोबा ऐकत असतील तर त्यांना माझी खास विनंती आहे. सुनेला 'तुझेच लाड नडले' म्हणू नका. तिच्याबरोबर तपासणीला जा.

आता तपासणीकडे वळू. नवी मुंबईत राहणाऱ्यांचं एक वेगळंच त्रांगडं आहे. लोकांच्या बोलण्यात शहर एक, पण कागदावर दोन. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महानगरपालिका, जिल्हा ठाणे. त्यापलीकडे खारघर, कामोठे, कळंबोली आले की पनवेल महानगरपालिका, जी २०१६ साली झाली, आणि जिल्हा रायगड. बेलापूर आणि खारघर ही लागोपाठची स्टेशनं. पण एकीकडच्या कुटुंबाचं जिल्हा रुग्णालय ठाण्याला आणि दुसरीकडच्याचं थेट अलिबागला. आधारकार्डावर गावचा पत्ता, भाडेकरार घणसोलीचा, मुलाची शाळा तिसऱ्याच वसाहतीत, अशी घरं इथं ढीगभर आहेत. मग खिडकीवर उत्तर मिळतं, "तुमचं इथं होणार नाही." तेव्हा पहिलं काम पत्त्याचा पुरावा नीट करण्याचं. अर्ज भरण्याआधी आपलं घर कुठल्या जिल्ह्यात येतं आणि कागदपत्रं तेच सांगतात का, हे तपासा. बऱ्याच खेपा एवढ्यानं वाचतात.

मदतीची ठिकाणं शहरात आहेत. वाशीला सेक्टर ३०ए मध्ये महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. दिव्यांग मुलांचं शिक्षण, प्रशिक्षण आणि थेरपी, सगळं एका छताखाली. एखाद्या महापालिकेनं स्वतः असं केंद्र चालवावं, ही आपल्या राज्यात सहज आढळणारी गोष्ट नाही, आणि तरी घणसोली-तुर्भ्यातल्या कितीतरी आयांना त्याचं नावही ठाऊक नसतं. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी अनेक पालक अजूनही हार्बरची गाडी पकडतात आणि कुर्ल्याला बदलून शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय गाठतात. या विषयाच्या मुंबईतल्या जुन्या सार्वजनिक दवाखान्यांपैकी एक तिथला.

ही तपासणी एका दिवसात उरकत नाही. डोळे आणि कान तपासावे लागतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढतात, विशेष शिक्षक वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेतात, मग डॉक्टर अहवाल करतात. मार्केटमध्ये माथाडी काम करणाऱ्या बापाचा किंवा चार घरची कामं करणाऱ्या आईचा यातल्या प्रत्येक खेपेला खाडा पडतो, दिवसाची मजुरी जाते. म्हणून तयारीनं जा. डोळ्यांचा आणि कानांचा रिपोर्ट आधीच काढून ठेवा. त्याच्यावाचून पुढचं काम अडतं. गेल्या दोन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि वर्गशिक्षकांचं दोन परिच्छेदांचं निरीक्षण बरोबर न्या. मूल कुठल्या माध्यमात शिकतं ते सांगा आणि चाचणी शक्यतो त्याच भाषेत व्हावी असा आग्रह धरा. मराठी माध्यमाच्या मुलाची पारख इंग्रजी उताऱ्यावरून करून चालत नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. आणि त्या दिवशी मुलाला पुरेशी झोप आणि पोटभर खाणं मिळू द्या. उपाशी, पेंगुळलेल्या मुलाची चाचणी घेऊन हाती काही लागत नाही.

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांचा अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर होतो. इथं एक बदल लक्षात ठेवा. आधी नियमांत दाखला देण्यासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनं ती तीन महिने झाली. शिवाय दोन वर्षं निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय होतो आणि अर्जदाराला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मुलांच्या बाबतीत मला ही दुरुस्ती चुकीची वाटते. सरकारी फाइलचे तीन महिने म्हणजे शाळेचं जवळजवळ एक सत्र. मोठ्या माणसाला थांबवता येतं, सहा वर्षांच्या मुलाचं सातवं वर्ष थांबवता येत नाही. पण नियम आहे तो असा आहे. तेव्हा अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा आणि दर महिन्याला पोर्टलवर स्थिती बघा. तीन महिने उलटले तर त्या रुग्णालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 'माझ्या अर्जाची सद्यस्थिती काय आणि तो कोणाकडे प्रलंबित आहे' एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळदा उत्तराआधी फाइलच हलते.

आता शाळा. कागद-पेन हाताशी असेल तर लिहून घ्या. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी त्याची नोंद राहत नाही. मुख्याध्यापकांच्या नावानं एक पानाचा अर्ज करायचा. मजकूर साधा. 'माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता तिसरी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. त्याला वाचन व लेखनात पुढील अडचणी येतात. तपासणीसाठी अमुक तारखेला अमुक रुग्णालयात नाव नोंदवले आहे. अहवाल मिळेपर्यंत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार त्याला वर्गात पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती.' खाली सोयी लिहायच्या, चार किंवा पाच, आत्ताच सांगितल्या तशा, शिक्षकांना उद्या करता येतील अशा. शेवटी, 'याबाबत पंधरा दिवसांत भेटीची वेळ द्यावी.' दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

अर्जाची भाषा मऊ ठेवा. त्याला कारण आहे. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणारी बाई तुमच्या मुलाची शत्रू नाही. तिलाही कोणी शिकवलेलं नाही, तिच्या मदतीलाही कोणी नाही. सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्रानं प्राथमिक वर्गांसाठी दर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी दर १५ मुलांमागे एक असं प्रमाण जाहीर केलं. मार्च २०२५ मध्ये त्याच खटल्यात न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की पदं किती ते आधी जाहीर तरी करा. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये केंद्रशाळांच्या पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं ठरवली. केंद्र म्हणजे साधारण दहा शाळांचा गट. हे शिक्षक त्या शाळांतून फिरायचे. म्हणजे तुमच्या मुलाच्या वाट्याला ते आठवड्यातून थोडा वेळच येतील. रोजची मदत वर्गशिक्षिकेकडूनच व्हायची. तेव्हा तिला बरोबर घ्या.

अर्ज देऊनही काही हललं नाही तर महापालिकेच्या शाळेसाठी पालिकेचा शिक्षण विभाग आहे, आणि सगळ्याच शाळांसाठी जिल्ह्याचं शिक्षणाधिकारी कार्यालय. २०१७ च्या नियमांनुसार तिथं दिव्यांग मुलांचे प्रवेश आणि शाळेतल्या सोयी यांसाठी एक नोडल अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याचं नाव विचारा आणि पोचवाल्या अर्जाची प्रत जोडून तक्रार द्या. त्याच्याही वर पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

दोन गोष्टींपासून सावध राहा. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. तो पर्याय कुटुंबाचा आहे. शाळेनं 'याला घरीच शिकवा' म्हणून तो पालकांच्या गळ्यात मारायचा नाही. दुसरं, काही खाजगी शाळा 'स्वतःची शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाजवळ बसणारी मदतनीस, ठेवा, तिचा पगार तुम्ही द्या, तरच बसवू' अशी अट घालतात. सोय करून देण्याची जबाबदारी कायद्यानं शाळेवर टाकली आहे. ही अट लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याच अटी विरघळतात.

दाखला कुठेच लागत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. दहावी-बारावीच्या बोर्डाला तो लागतोच. जादा वेळ, लेखनिक, तिसऱ्या भाषेतून किंवा बीजगणित-भूमितीतून सूट, या सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत जातात आणि सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. शीव असो की वाशी, या तपासणीच्या रांगेत नववी-दहावीची मुलं बरीच दिसतात, कारण तोपर्यंत कोणी विचारलेलंच नसतं. आठवी संपायच्या आत दाखला हातात हवा, असा हिशेब धरा. आणि तो मिळाल्यावरही डोळ्यांत तेल घाला. २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे लेखनातली अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीकडे सगळी कागदपत्रं होती, नियमानं एक तास जास्त मिळायला हवा होता, तरी केंद्रावर उत्तरपत्रिका वेळेआधी काढून घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयानं हा अन्याय असल्याचं म्हटलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. म्हणून परीक्षेच्या चार दिवस आधी केंद्रावर जा, केंद्रसंचालकांना भेटा, सवलतीचं पत्र दाखवून या.

शिक्षक श्रोत्यांनो, तुमच्या वर्गात असं एक मूल आज बसलेलं असेल. त्याच्या पालकांनी अर्ज आणण्याची वाट पाहू नका. उद्या त्याची एक चाचणी तोंडी घ्या आणि काय दिसलं ते तारखेसह लिहून ठेवा. ती नोंद पुढे डॉक्टरांनाही उपयोगी पडेल. आणि पालकहो, तपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली असली तरी शाळेचा अर्ज या आठवड्यात द्या, पोच घ्या, आणि पंधराव्या दिवशी भेटीला जा.